काळ्या मातीचे न नोंदलेले खातेदार



आपल्या या मुलखातील जमीन जितक्या बारकाईने मोजली, पारखली आणि दप्तरात नोंदली गेली आहे, तितकी हिंदुस्थानातील फारच थोड्या मुलखांतील नोंदली गेली असेल. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम शिवेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात प्रिंगलसाहेबाची जमाबंदी फसल्यावर, १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी जी नवी मोजणी हाती घेतली, तीच पुढे सबंध मुंबई इलाख्याच्या रयतवारी जमाबंदीचा नमुना ठरली. त्या मोजणीत कारकुनाने प्रत्यक्ष शेतात जाऊन मातीची खोली पाहावी, रंग पाहावा, चुनखड किती, रेव किती, उतार कसा, पाणी कोठे तुंबते याची खूण करावी, प्रत्येक दोषापायी प्रत उतरवावी आणि शेवटी त्या शेताची आण्यांत किंमत करून त्यावर आकारणी बसवावी, असा शिरस्ता होता. सरकारास मातीविषयी प्रेम होते असे नव्हे, त्यास सारा वसूल करावयाचा होता. परंतु हेतू काहीही असला तरी मातीकडे इतक्या निरखून पाहण्याची सवय येथे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच लागली, हे मान्य करावयास हवे.

पुढे दुष्काळांनी सरकारचे डोळे अधिक उघडले आणि १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. नारायण विष्णु कानिटकर आणि त्यांचे सहकारी यांनी येथील पाऊस, येथील ओल आणि येथील ज्वारी यांचा जो अभ्यास केला, त्यातून कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. मातीच्या दप्तरात ओलीचे खाते उघडले ते तेव्हा. आणि अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, मृदा आरोग्य पत्रिका शेतकऱ्याच्या हाती आली. तीत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबींची नोंद असते.

इतक्या मोजण्या झाल्या, परंतु या जमिनीचे खरे कसणारे, संख्येने अगणित आणि देहाने अदृश्य असे जे सूक्ष्मजीव, त्यांचे नाव यांपैकी एकाही दप्तरात आजतागायत चढलेले नाही. जड धातूंच्या प्रदूषणाने या न नोंदलेल्या खातेदारांचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर विज्ञान मराठीतून शिकविले. तेव्हा शक्य तितक्या आपल्याच भाषेत बोलण्याचा मी यत्न करीन.

सुपीक मातीच्या एका ग्रॅमात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला बुरशा, शेवाळे, आदिजीव आणि जिवाणू व बुरशी यांच्या मध्यावर उभे असल्यासारखे दिसणारे अ‍ॅक्टिनोमायसिट्स. मृगाच्या पहिल्या सरीने काळ्या रानातून जो वास उठतो तो पुष्कळ अंशी या शेवटच्या मंडळींनी तयार केलेल्या एका द्रव्याचा असतो, आणि त्यांच्याच एका जातीपासून वाक्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक काढले. ज्वारीच्या धसकटांचे खतात रूपांतर करणे, शेणातील नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणे, तुरीच्या आणि हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र जमिनीत उतरविणे, मातीचे कण एकमेकांस चिकटवून ठेवणे, ही सारी कामे त्यांची. आपल्या सोलापुरी मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. त्या कर्बातील एकापासून पाच टक्क्यांपर्यंत जो भाग जिवंत असतो, तोच हे सर्व करतो. भांडवल इतके तुटपुंजे, आणि त्यावर उन्हाळ्याचा चटका व पावसाची ओढ ही दोन संकटे वर्षानुवर्षे. येथील सूक्ष्मजीव आधीच काटकसरीने जगणारे आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात असू द्यावी.

आता धातूंकडे वळू. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा, तांबे, जस्त. आणि धातू नसूनही त्याच पंगतीत बसणारे आर्सेनिक. यांपैकी तांबे व जस्त सजीवांना अत्यल्प प्रमाणात हवेच असतात, शिसे व कॅडमियम कोणालाही नको असतात. इतर घाणीत आणि यांत एक मूलभूत भेद आहे. मळी असो, मैला असो, बहुतेक कीटकनाशके असोत, सूक्ष्मजीव त्यांना कमीअधिक मुदतीत खाऊन मोकळे करतात. धातू हे मूलद्रव्य आहे. ते खाऊन संपत नाही, जळून जात नाही, कुजून जात नाही. ते रूप बदलते, जागा बदलते, आणि मातीत शतकानुशतके राहते.

आपल्याकडे ते येते कोठून? १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहरात सूत रंगत आले आहे, आणि रंगाच्या धंद्यात क्रोमियम व तांबे असलेली द्रव्ये जगभर वापरली गेली आहेत. धातूला मुलामा देण्याचे कारखाने व जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा जेथे जेथे असतो तेथे क्रोमियम, निकेल आणि शिसे ओघानेच येतात. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरते, हे आपणांस सांगावयास नको. दगडी कोळशाच्या राखेत आर्सेनिक आणि क्रोमियम यांचा अंश असतो, व फताटेवाडीचे वीजकेंद्र आता आपल्या शेजारी आहे. स्फुरदाच्या खतात कॅडमियम अल्पांशाने येते. २०१७ पासून सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेचे मी मनापासून स्वागत करतो, कारण तलावाचा गाळ हे आपल्या वाडवडिलांचे जुने खत आहे. तथापि ज्या तलावात शहराचे पाणी येते त्याचा गाळ तपासल्याविना शेतात टाकू नये, एवढे येथेच सांगून ठेवतो.

परंतु या सर्व वाटा दुय्यम वाटाव्यात अशी एक वाट आपण स्वतः, स्वखर्चाने आणि अत्यंत नाइलाजाने उघडली आहे, ती डाळिंबाच्या बागेतील. केगावला २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या अवर्षणाच्या तालुक्यांत या फळाने घरे उभी केली. त्याच सुमारास तेल्या आला. हा रोग एका जिवाणूचा, आणि त्यावरचा मुख्य इलाज तांब्याचा: बोर्डो मिश्रण, कॉपर ऑक्सिक्लोराइड, खोडाला बोर्डो पेस्ट.

बोर्डो मिश्रणाची कुळकथा मोठी गमतीची आहे. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतात रस्त्याकाठच्या द्राक्षांना चोरांचा उपद्रव होई, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडीत. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की नेमक्या याच वेली केवड्यापासून वाचल्या आहेत, आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठी निघालेले औषध बुरशीवर चालले, आणि गेली सव्वाशेहून अधिक वर्षे चालत आले. त्याचा परिणाम असा की युरोपातील जुन्या द्राक्षमळ्यांच्या मातीत दर किलोमागे शंभराहून अधिक, आणि काही ठिकाणी कित्येक शे मिलिग्रॅम तांबे साठले आहे.

आपला हिशेब करून पाहू. एक टक्का मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद. मोरचुदात तांबे सुमारे चतुर्थांश. समजा, हेक्टरी हजार लिटरची एक फवारणी झाली, तर अडीच किलो तांबे बागेत गेले; समजा वर्षात अशा पाच फवारण्या झाल्या, तर साडेबारा किलो. पानांवर जे बसते तेही बहार धरण्यापूर्वीच्या पानगळीत जमिनीवरच येते. हेक्टराच्या वरच्या सहा इंचांत माती साधारण वीस लाख किलो असते, तेव्हा दर किलो मातीत वर्षाला सहा मिलिग्रॅमची भर, आणि वीस वर्षांत सव्वाशेची. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला चार किलो, ही तांब्याची कमाल मर्यादा घातली आहे. आपली कल्पित बाग तिच्या तिप्पट चालली. बागाइतदाराला मी दोष देत नाही. डोळ्यांदेखत फळ तडकत असताना कोणीही फवारणी करील. पण हिशेब हा हिशेबच राहतो.

धातू पेशीत शिरला म्हणजे तो काय करतो? विकरांच्या रेणूंत गंधकयुक्त जागा असतात, त्यांना तो घट्ट धरतो आणि विकर निकामी होते. कॅडमियम जस्ताची जागा बळकावते आणि जस्ताचे काम मात्र करीत नाही. तांबे इलेक्ट्रॉनांची देवघेव सहज करणारे असल्याने पेशीत प्राणवायूची दाहक रूपे निर्माण करते व पेशीचे आवरण फाडते. मातीतील डिहायड्रोजनेज, युरियेज, फॉस्फेटेज यांसारख्या विकरांची क्रिया मंदावते. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू नाजूक, ते लवकर हार खातात. बुरशा बहुधा जिवाणूंपेक्षा अधिक तग धरतात. जे जगतात तेही सुखाने जगत नाहीत. शिरलेला धातू बाहेर फेकण्यात, तुटलेले दुरुस्त करण्यात त्यांची शक्ती जाते, म्हणून दूषित मातीत सूक्ष्मजीवांचा भार कमी आणि त्या मानाने त्यांचा श्वासोच्छ्वास अधिक असा उलटा प्रकार आढळतो: घराची सारी मिळकत पहारेकऱ्याच्या पगारात जावी आणि मुलाबाळांच्या वाट्याला काहीच उरू नये, तसे. ज्या मातीत मूळचाच कर्ब अर्धा टक्का, तिथे हा पहारा किती दिवस परवडेल?

या बाबतीतील सर्वांत बोधक पुरावा इंग्लंडातील आहे. रॉथॅमस्टेड संस्थेच्या वोबर्न येथील शेतावर १९४२ ते १९६१ या काळात काही तुकड्यांना लंडनच्या मैल्याचा गाळ खत म्हणून दिला गेला. नंतर तो बंद झाला. वीस वर्षे उलटल्यावर, १९८०च्या दशकात, ब्रूक्स, मॅकग्राथ, गिलर प्रभृती संशोधकांनी तीच माती तपासली, तेव्हा तिच्यातील सूक्ष्मजीवांचा भार शेणखत दिलेल्या तुकड्यांच्या मानाने सुमारे निम्मा भरला. धातूंचे प्रमाण त्या काळी अनुज्ञेय समजल्या जाणाऱ्या मर्यादांच्या फार पलीकडे नव्हते. याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. त्या मातीत पांढरे क्लोव्हर लावले तर मुळांवर गाठी धरत. पण त्या बारीक, पांढरट, आणि नत्राच्या दृष्टीने निरर्थक. ऱ्हायझोबियमच्या नाना वाणांपैकी धातूला न जुमानणारा एकच वाण मागे उरला होता, आणि तो वाण नत्र बांधणे जाणतच नव्हता. कोणी केवळ जिवाणू आहेत की नाहीत एवढेच विचारले असते तर उत्तर ‘आहेत’ असे आले असते. शिरगणती पुरी भरावी आणि चावडीत एकही कामकरी नसावा, अशी ही अवस्था आहे. म्हणून सूक्ष्मजीवांच्या संख्येचा दाखला मी कधीच पुरेसा मानीत नाही, कामाचा दाखला मागतो.

येथे कोणी जाणकार श्रोता आक्षेप घेईल की, वोबर्नची माती रेताड, आपली काळी. आक्षेप रास्त आहे. काळी माती चिकण आहे, चुनखडीची आहे, तिचा सामू आठ-साडेआठापर्यंत असतो. अशा मातीत शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त हे धनभारित धातू चिकणकणांवर व चुन्याबरोबर घट्ट बसतात आणि सूक्ष्मजीवांच्या वाट्याला त्यांचा थोडाच अंश येतो. याच गुणापायी आपल्याकडे जस्ताची कमतरता पडते व शेतकऱ्याला झिंक सल्फेट विकत आणावे लागते. मग आपण निर्धास्त राहावे काय? मला तसे वाटत नाही. काळी माती धातू नाहीसा करीत नाही, ती तो धरून ठेवते. आणि उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत कोसळते, पावसात त्या मिटतात, आणि वरचा धातू खाली गाडला जातो. शिवाय सर्वच धातू धनभारित नसतात. षट्संयुजी क्रोमियम आणि आर्सेनिक हे ऋणभारित रूपात वावरतात, आणि जी अल्कधर्मी माती शिशाला जखडते तीच या दोघांना मोकाट सोडते. क्रोमियमचे ते विषारी रूप निरुपद्रवी रूपात आणण्याचे काम सेंद्रिय द्रव्य आणि सूक्ष्मजीवच करतात, व तीच दोन्ही आपल्या मातीत कमी. ज्यांना याचे प्रत्यक्ष चित्र हवे त्यांनी हैदराबादच्या रस्त्याने पटणचेरूपर्यंत जावे. गेल्या अर्धशतकात तेथील कारखान्यांचे पाणी नक्कावागू ओढ्यात उतरले व त्या काठच्या मातीत आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, शिसे यांचे प्रमाण वाढल्याचे संशोधकांनी नोंदले आहे. योगायोग असा की कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट १९७२ पासून त्याच पटणचेरूत नांदते आहे.

आणखी एक पेच आपल्या भूगर्भाने घातला आहे. आपली माती बेसाल्ट खडकाची लेक. या खडकात तांबे मुळातच भरपूर. दर किलो शंभर मिलिग्रॅम वा अधिक तांबे काळ्या मातीत निसर्गतः असणे नवल नाही. ते खनिजाच्या स्फटिकांत बंदिस्त असते आणि कोणाला इजा करीत नाही. अशा ठिकाणी प्रयोगशाळेने एकूण तांब्याचा आकडा कळविला, तर त्यातले खडकाचे किती आणि फवारणीचे किती हे त्या आकड्यावरून कसे कळावे? मृदा आरोग्य पत्रिकेतील तांब्याचा रकानाही येथे कामाचा नाही, कारण तो पिकाला तांबे कमी पडते की काय हे पाहण्यासाठी आखलेला आहे. अधिक झाले तर ते कोणाला सोसवत नाही, हा प्रश्न त्या पत्रिकेच्या आखणीतच नाही. या वादात निर्णायक साक्ष एकाच पक्षाची होऊ शकते, ती मातीतील जिवंत मंडळींची.

ही मंडळी निव्वळ बळी आहेत असेही नाही. बेल्जममधील एका जस्ताच्या कारखान्याच्या गाळातून १९७६ मध्ये मिळालेला क्युप्रिअ‍ॅव्हिडस मेटॅलिड्युरन्स नावाचा जिवाणू जस्त, कॅडमियम व कोबाल्ट पेशीबाहेर उपसून टाकतो. काही जिवाणू पाऱ्याचे बाष्प करून त्याला हवेत सोडून देतात. असे जिवाणू वापरून जमिनी शुद्ध करण्याच्या योजना वर्तमानपत्रांत वरचेवर वाचावयास मिळतात, आणि त्यांतील उत्साहाचा निम्मा भाग मी तरी वजा करून वाचतो, कारण जिवाणू धातूला बांधील, रूपांतरित करील, पण त्याला शेताबाहेर नेणार कोण? दुसरे असे की धातूला दाद न देण्याचे जनुक जिवाणू एकमेकांना देतात, आणि पुष्कळदा डीएनएच्या त्याच तुकड्यावर प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुकही बसलेले असते. तेल्यावर तांब्याच्या जोडीने वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक फवारले गेले. एकाच टाकीतून दोन्ही प्रकारची निवड आपण मातीवर लादली. इस्पितळातील औषधे निष्प्रभ का होतात याचा विचार करणाऱ्या डॉक्टरांनी बागेकडेही एकदा पाहावे.

कायद्याविषयी थोडक्यात. पाण्यासाठी १९७४चा आणि हवेसाठी १९८१चा कायदा आहे. मातीसाठी तसा स्वतंत्र कायदा आपण केला नाही. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केंद्र सरकारने २०२५ मध्ये जारी केले, ते कारखान्याच्या उकिरड्याला लागतील; थेंबाथेंबाने तांबे पिणाऱ्या बागेला ते कसे लागणार? तेथे सरकारी अंमलबजावणीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून आपणांकडे माझे एक मागणे आहे. मर, खोडाला छिद्रे पाडणारे भुंगेरे आणि तेल्या यांनी सांगोल्याकडच्या पुष्कळ बागा गेल्या काही वर्षांत उपटल्या गेल्या आणि त्या रानांत पुन्हा ज्वारी, हरभरा, तूर येऊ लागली. ज्यांचे असे रान आहे त्यांनी या रब्बीत बाग काढलेल्या तुकड्यात आणि बांधापलीकडच्या, कधीच फवारा न पाहिलेल्या तुकड्यात एकाच दिवशी एकाच वाणाचा हरभरा पेरावा. फुलोऱ्याच्या सुमारास दोन्हींकडची काही झाडे, ओढून नव्हे तर खोदून, मातीसकट काढावी, पाण्यात अलगद धुवावी, गाठी मोजाव्या आणि नखाने चिराव्या. गाठ आत गुलाबी-लाल निघाली तर नत्र बांधले जात आहे. पांढरट वा हिरवट निघाली तर नाही. गाठींत फरक पडण्याला ओल, खत, मूळचा वाण अशी इतरही कारणे असतात, म्हणून एका रानावरून निकाल देऊ नये. शंभर रानांची नोंद झाली तर मात्र तिला नाकारणे कोणत्याही खात्याला कठीण जाईल. आपल्या विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच मातीचा श्वासोच्छ्वास व डिहायड्रोजनेज मोजून द्यावे. त्याला फार मोठी सामग्री लागत नाही. आणि बागाइतदारांनी आजपासून फवारणीच्या वहीत औषधाच्या नावापुढे तांब्याचे ग्रॅम लिहिण्याचा एक रकाना आखावा. या कामासाठी नाव नोंदविणाऱ्यांची यादी सभागृहाच्या दाराशी ठेवली आहे. जाताना कृपा करून तीत आपले गाव आणि गट क्रमांक लिहावा.